दोन काटे

स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या आठवणी लिहून पाठवाव्यात, असे संपादक मंडळाचे पत्र मिळाले. सकाळची बुद्धवंदना, १४ एप्रिलची मिरवणूक, पंगतीतील पिठले-भाकरी यांविषयी माझ्यापेक्षा सरस लिहिणारे पुष्कळ आहेत. मी व्यवसायाने डिझेल मेकॅनिक आहे. माझ्या हाताला जे कळते त्याविषयीच लिहावे, या विचाराने शाळेच्या जुन्या पिकअप गाडीवर आणि तिच्या डॅशबोर्डवर मागाहून बसविलेल्या दोन मीटरांवर हा लेख लिहीत आहे.

गाडी सर्वांच्या ओळखीची आहे. पुढे पाच जणांची केबिन, मागे हौदा, रंग मूळचा पांढरा. नगरच्या मार्केट यार्डातून धान्य आणणे, उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्या वाहणे आणि आजारी मुलाला दवाखान्यात पोहोचविणे ही तिची कामे. यांतले शेवटचे काम सर्वांत मोठे, हे आपल्या शाळेत राहिलेल्याला सांगावे लागत नाही. जिल्ह्याच्या उत्तरेला कालव्यांचे पाणी आहे. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो त्याच भागात. दक्षिणेकडच्या पाथर्डी-शेवगाव पट्ट्यातली माणसे मात्र ऊस पिकवायला नव्हे, ऊस तोडायला घराबाहेर पडतात. दिवाळी सरली की आईबाप कोयत्यावर जातात, आणि चैत्रापर्यंत मुलाचे आईबाप म्हणजे वसतिगृह. अशा मुलाला रात्री-अपरात्री धाप लागली, तर दारात उभी असलेली ती एक गाडीच असते. नवी घेण्याइतका पैसा संस्थेकडे नाही. आहे तीच धड चालली पाहिजे.

ती धड चालत नव्हती. एका उन्हाळ्यात तिचे हेड गॅस्केट उडाले. ज्या गॅरेजमध्ये काम झाले तेथे जुन्या रिवाजाप्रमाणे थर्मोस्टॅट काढून टाकण्यात आला, म्हणजे पाणी सतत फिरेल आणि गाडी गरम होणार नाही, अशी समजूत. ही समजूत आपल्याकडे इतकी पसरलेली आहे की तिच्याविरुद्ध बोलणाराच अडाणी ठरतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडू लागतो आणि तोवर पाणी इंजिनातच खेळवून त्याला लवकर कामाच्या उष्णतेला आणतो. तो काढला की इंजिन बराच वेळ थंड राहते, डिझेल पुरते जळत नाही, काजळी तेलात उतरते आणि तेल लवकर निकामी होते. चढावर गाडी तापायची ती तापतेच, कारण तिथे अडचण रेडिएटरची असते. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की स्वयंपाकघरातल्या पातेल्याला पांढरा थर धरतो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही तोच थर धरणार. मी रेडिएटर साफ करवून घेतला, नवा थर्मोस्टॅट बसविला, कूलंट भरले. पण एवढ्याने माझे समाधान झाले नाही. आत काय चालले आहे हे चालकाला कळण्याची सोयच त्या गाडीत नव्हती.

सोय म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने सांगतो. तेलाच्या दाबासाठी कंपनीने दिली होती एक लाल बत्ती. दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्ध्या किलोच्या खाली गेला की ती पेटते. चालत्या इंजिनाला तीन-साडेतीन किलो दाब हवा असतो. म्हणजे साडेतीनचा दोन झाला तरी बत्ती गप्प, दोनाचा एक झाला तरी गप्प. आणि जेव्हा ती पेटते तेव्हा क्रँकच्या बेअरिंगवरचे तेलाचे पातळ अस्तर फाटून धातूला धातू लागलेला असतो. पाण्याच्या उष्णतेसाठी एक लहानसा काटा होता, पण त्याच्या तबकडीवर आकडे नव्हते, दोन टोकांना फक्त इंग्रजी सी आणि एच. आपल्या वसतिगृहातल्या मावशी आजारी मुलाच्या कपाळावर हात ठेवून ‘अंग कढत आहे’ एवढे सांगत. ताप शंभर की एकशे तीन हे थर्मामीटर लावल्यावर कळे, आणि गाडी काढायची की सकाळपर्यंत थांबायचे हे त्या आकड्यावर ठरे. इंजिनाला तेल म्हणजे रक्त आणि पाण्याची उष्णता म्हणजे ताप, अशी उपमा आम्हाला आयटीआयमध्ये शिकवीत. उपमा ढोबळ आहे, पण चुकीची नाही. रक्तदाब व ताप न मोजणाऱ्या डॉक्टरकडे आपण मूल नेणार नाही.

मीटर बसवावेत, हा विचार मी अधीक्षक सरांपुढे मांडला तेव्हा त्यांनी फक्त खर्च विचारला. विरोध झाला तो अनपेक्षित ठिकाणाहून, गाडीच्या चालकाकडून. सर्वजण त्यांना काका म्हणत. मीही लहानपणी त्यांच्याच शेजारी बसून एकदा दवाखान्यात गेलो आहे. काका म्हणाले, “बाळा, वीस वर्सं झाली मला या गाडीवर. हिचा आवाज बदलला की माझ्या पोटात कळतंय. काटे कशाला? माझ्यावर भरोसा नाही का?”

त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. चांगला चालक कानाने गाडी चालवितो. टॅपेटची टकटक, बेल्टची किंकाळी, चढावर इंजिन दमल्यावर उतरणारा स्वर हे सारे काकांना वाचता येत असे. मी वाद घातला नाही. परंतु त्याच दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बॉनेट उघडून इंजिन चालू केले तेव्हा वॉटर पंपाच्या बेअरिंगची बारीक शीळ मला तीन हातांवरून ऐकू येत होती. काका पंपाजवळ वाकून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या शिळेची काहीच खूण नव्हती. उंच, बारीक आवाज त्यांच्या कानांपर्यंत पोहोचतच नव्हते. मी तेव्हा कोणाला काही बोललो नाही. पंप बदलला आणि मीटर बसविण्याचा आग्रह मात्र सोडला नाही.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात आपल्या शाळेची सहल जातेच. सैन्याच्या चिलखती दलाने १९९४ साली ते उभारले. तिथे आपला विजयंता आहे, पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन आहे. मुले तोफेच्या नळीची लांबी पाहून थक्क होतात. मला कुतूहल असे ते चालकाच्या जागेचे. रणगाड्याच्या चालकाला इंजिन दिसत नाही, ते त्याच्या पाठीमागे दूर असते; गोंगाट एवढा की कानाचा उपयोग नाही. तो काट्यांवर विसंबून चालवितो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. हे मी काकांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, “बसव मग. पण माझी बत्ती काढायची नाही.” बत्ती काढायची नव्हतीच.

आता प्रत्यक्ष काम. तेलाच्या दाबाचे मीटर दोन जातींचे मिळतात. एक यांत्रिक: फ्रेंच अभियंता यूजीन बूर्दों याने १८४९ मध्ये ज्याचे पेटंट घेतले ती चपटी, वाकडी नळी त्यात असते, आत दाब आला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा ओढते. पंक्चरच्या दुकानातल्या हवेच्या मीटरात आणि दवाखान्यातल्या प्राणवायूच्या सिलिंडरवरही बहुधा तीच नळी असते. हे मीटर अत्यंत प्रामाणिक. त्याला वीज लागत नाही. काकांना तेच हवे होते, जुन्या ट्रकवर त्यांनी ते पाहिले होते. परंतु त्यासाठी इंजिनातले गरम तेल बारीक नळीतून थेट डॅशबोर्डपर्यंत आणावे लागते, आणि ती नळी कुठे घासून फुटली तर उकळते तेल केबिनमध्ये, म्हणजे मांडीवर मूल घेऊन बसलेल्या माणसाच्या पायांवर येणार. मी विजेचे मीटर निवडले. त्यात इंजिनावर एक सेंडर असतो, दाबानुसार त्याचा विद्युतरोध बदलतो, आणि केबिनमध्ये येते ती फक्त तार. एक पथ्य पाळावे लागते: मीटर आणि सेंडर एकाच जोडीचे हवेत. वेगवेगळ्या जोडीतले लावले तर काटा झोकात हलतो, पण खोटे बोलतो.

दुकानात गेल्यावर आट्यांचा प्रश्न उभा राहिला. आठव्या भागाच्या मापाचे आटे ब्रिटिश पद्धतीत इंचाला २८ असतात आणि अमेरिकन पद्धतीत २७. डोळ्यांना फरक दिसत नाही, पहिले दोन-तीन वेढे एकात दुसरे बसतेही. मग अडकते, आणि बळ केले की ब्लॉकमधले आटे जातात. आटे मोजण्याची पट्टी लावून खात्री केली आणि योग्य पितळी टी घेतला. टीच्या एका तोंडाला जुन्या बत्तीचा स्विच, दुसऱ्याला नवा सेंडर. मात्र सेंडर वजनदार असतो. टीवर थेट टांगला तर डिझेल इंजिनाच्या थरथरीने काही महिन्यांत पितळेची मान तुटते आणि सारे तेल रस्त्यावर. म्हणून टीपासून जाळीदार आवरणाची छोटी नळी काढून सेंडर बाजूच्या पत्र्यावर क्लॅम्पने पक्का केला, त्याला स्वतंत्र अर्थिंगची तार दिली. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळून अर्थिंग बिघडवलेली मीटरे मी पुष्कळ पाहिली आहेत.

पाण्याचा सेंडर कोठे बसवावा यालाही महत्त्व आहे. रेडिएटरच्या बाजूला बसविला, तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तो थंड पाणीच दाखवीत राहतो. म्हणून तो हेडवर, थर्मोस्टॅटच्या अलीकडे, जिथे कंपनीने एक छिद्र बोल्टने बंद करून ठेवले होते तिथे बसविला. दोन्ही मीटरांची वीज चावीच्या स्विचवरून पाच अँपिअरच्या फ्यूजमार्गे घेतली. सर्व सामान मिळून खर्च आला २,३४० रुपये. मजुरीचा प्रश्न नव्हता.

बसविण्याआधी मीटर खरे बोलते की नाही, हे पाहण्याचा एक कार्यक्रम झाला आणि माझ्या मते सगळ्या कामातला तो सर्वांत चांगला भाग होता. स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी ठेवले, त्यात सेंडर सोडला, बॅटरीने जोडला आणि प्रयोगशाळेतला थर्मामीटर शेजारी टांगला. नववीची मुले भोवती. पाणी उकळले तेव्हा थर्मामीटर ९८ वर थांबला. शंभर का नाही, असे एका मुलीने विचारले. आपण समुद्रसपाटीपासून सहाशे-साडेसहाशे मीटर उंचीवर राहतो, हवेचा दाब कमी, म्हणून पाणी दोन अंश आधीच उकळते, हे विज्ञानाच्या बाईंनी तिथेच समजावून सांगितले. मीटरचा काटा मात्र ९२ वर होता. सहा अंश कमी. मीटर परत करण्याची गरज नव्हती, त्याची खोड माहीत असणे पुरेसे होते. एका शिक्षिकेकडून लाल नेलपॉलिश मागून काचेवर ९२ च्या जागी बारीक रेघ ओढली. रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते, त्यामुळे गाडीतले कूलंट या रेघेच्याही बरेच पुढे जाऊन उकळते. पण रेघेपाशी काटा आला की सावध व्हावे, असे ठरले.

दुसरे असे ठरले की वही ठेवायची. तारीख, हवा थंड की उन्हाची, गाडी सुरू केल्यावर तेलाचा दाब, गरम झाल्यावर चालू गतीचा दाब, गरम इंजिन जागेवर उभे असतानाचा दाब, आणि पाण्याचा काटा. काका वाचायचे, मागे बसलेला मुलगा लिहायचा. पहिल्या पानावरचे आकडे असे: थंडीत सुरू करताना ४.८, रस्त्यावर ३.५, गरम होऊन उभी असताना १.२, पाणी ८०. पुढची वीस-पंचवीस पाने जवळजवळ हीच. मुले कंटाळली, रोज तेच काय लिहायचे, म्हणू लागली.

त्या वेळी वर्षावासासाठी मुक्कामास असलेल्या भन्तेजींनी ती वही मागवून घेतली आणि संध्याकाळच्या प्रवचनात तिच्यावरच बोलले. सतिपट्ठान सुत्तात श्वास दीर्घ असेल तर दीर्घ आणि ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व असे जाणण्यास सांगितले आहे, हे सर्वांना पाठ आहे. भन्तेजी वेदनेविषयी बोलले. वेदना तीन: सुखद, दुःखद, आणि सुखदही नाही व दुःखदही नाही अशी अदुक्खमसुखा. पहिल्या दोन कोणालाही कळतात. तिसरी समोर असूनही लक्षात येत नाही. वहीची ही पंचवीस पाने त्या तिसऱ्या जातीची आहेत, असे ते म्हणाले. मला त्यांचे म्हणणे मेकॅनिकच्या बाजूने पटले. रोजचा साधा आकडा ज्याला ठाऊक नाही त्याला बिघडलेला आकडा ओळखू येणार नाही. तीन किलो दाब चांगला की वाईट, याला उत्तर नाही. कालपर्यंत साडेतीन होता, हे ठाऊक असेल तर आहे.

(प्रवचनानंतर काकांनी त्यांना विचारले की, हेड बदलले, रेडिएटर उघडला, पंप नवा, आता काटेही नवे, मग ही गाडी तीच का? भन्तेजींनी मिलिंद राजा आणि नागसेनाचा रथ सांगितला. काका म्हणाले, “पासिंगच्या कागदावर तर तीच हाय.” मिलिंदालाही हे सुचले नव्हते.)

मी मुलांना आणि काकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. पाण्याचा सेंडर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरे सांगतो. पाणी निघून गेले की तो वाफेत किंवा रिकाम्या हवेत उघडा पडतो, आणि काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ लागतो. इंजिन भाजत असते आणि काटा मात्र गार झाल्याचे सांगतो. म्हणून एका काट्याकडे पाहायचे नाही, दोघांकडे पाहायचे. इंजिन खरोखर तापले तर तेल पातळ होते आणि त्याच गतीला दाब उतरतो. पाणी खाली आणि तेलही खाली, असे दिसले तर गाडी तत्क्षणी बंद.

पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये पाचवीतल्या एका मुलाला रात्री दम्याचा झटका आला. आईवडील कोल्हापूरकडे फडावर. काका गाडी घेऊन नगरला निघाले. अधीक्षक सर मुलाला धरून मागे बसले होते. करंजी घाटाच्या चढावर पाण्याचा काटा लाल रेघेवर गेला, क्षणभर थांबला आणि उतरू लागला. सरांनी तो पाहिला व ‘उतरला, चला’ असे म्हणाले. काकांनी तेलाच्या काट्याकडे पाहिले. साडेतीनच्या जागी अडीच होता आणि उतरत होता. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. मागाहून ते मला म्हणाले, “सर म्हणत होते चला. मला बी वाटत होतं चला. पोरगं तसं श्वास घेत होतं.”

खालचा होज क्लिपजवळ फाटला होता आणि पाणी संपले होते. आणखी दोन किलोमीटर चढ चढली असती तर इंजिन सीज होऊन गाडी घाटातच राहिली असती, त्या रात्रीपुरती नव्हे, त्या वर्षापुरती. मार्केट यार्डाकडे निघालेला भाजीचा एक टेम्पो पंधरा मिनिटांत मिळाला, सर मुलाला घेऊन त्यातून पुढे गेले. मूल वेळेत पोहोचले. आज ते आठवीत आहे. काका इंजिन थंड होईपर्यंत दीड तास दगडावर बसून राहिले, कारण तापलेल्या हेडवर गार पाणी ओतले तर ते तडकते. मग होजचा फाटलेला दीड इंच कापून उरलेला भाग पुन्हा क्लिपमध्ये बसविला, कॅनमधले पाणी भरले आणि पहाटे स्वतः गाडी नगरला नेली.

दोन दिवसांनी काका आपण होऊन अधीक्षक सरांकडे गेले. फाटलेल्या होजमधून पाणी फवारते तेव्हा आवाज होतो, पूर्वी तो मला ऐकू आला असता, त्या रात्री आला नाही, असे त्यांनी सांगितले. नगरला त्यांचे कान तपासून घेतले. दोन्ही कानांना उंच आवाज ऐकू येत नव्हते. डिझेल इंजिनाशेजारी आयुष्य काढलेल्या माणसांत हे आढळते. मला वाटले होते की त्यांची नोकरी जाईल, आणि त्या भीतीनेच इतकी वर्षे ते गप्प होते हेही उघड होते. संस्थेने त्यांना काढले नाही. रात्रीची व मुलांची फेरी त्यांनी स्वतः सोडली. दिवसा धान्याची फेरी, तीही मदतनीस बरोबर घेऊन, त्यांच्याकडे राहिली. रात्रीसाठी आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी ठेवला. काकांनी त्याला महिनाभर शेजारी बसवून शिकविले. गिअर आणि ब्रेक त्याला येतच होते. शिकविले ते काटे वाचायला, वही घेऊन.

वही आता तिसरी चालू आहे. या वर्षभरात गरम इंजिन जागेवर उभे असतानाचा तेलाचा दाब १.२ वरून ०.९ वर आला आहे. तेल तेच, १५ डब्ल्यू ४०, वेळेवर बदललेले. याचा अर्थ मेन बेअरिंग झिजत आले आहे. अजून धोका नाही, पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबू नये. मी अधीक्षक सरांना अंदाजपत्रक दिले आहे. दिवाळीच्या सुटीत काम काढणे सोयीचे होते, परंतु त्याच सुमारास आईबाप फडावर जातात आणि बरीच मुले सुटीतही वसतिगृहातच असतात. तेव्हा काम भाद्रपदातच काढावे, इंजिन आठ दिवसांत परत जोडावे आणि त्या आठ दिवसांसाठी गावातली एक जीप सांगून ठेवावी, असे ठरले आहे. जीपवाल्याशी काका बोलले आहेत. तिच्यात तेलाचे मीटर आहे का, हे त्यांनी आधी विचारले. नाही, असे कळले.